घरशाळेसाठी रसायन, लॅटिन आणि तर्क निवडताना

अमेरिकेतल्या ‘क्लासिकल’ पद्धतीच्या घरशाळांमध्ये प्राथमिक वयात तीन विषय हमखास दिसतात: रसायन, लॅटिन आणि तर्क. विज्ञानाचं चार वर्षांचं चक्र असतं, त्यात रसायन साधारण तिसरीच्या वर्षी येतं. लॅटिन आणि तर्काचं मूळ मध्ययुगीन युरोपातल्या व्याकरण-तर्क-वक्तृत्व या क्रमात आहे. इंग्रज लेखिका डोरोथी सेयर्स यांनी १९४७ साली ऑक्सफर्डला दिलेल्या व्याख्यानात हा क्रम मुलांच्या वयाशी जोडला आणि पुढे घरशाळावाल्यांनी तो उचलून धरला. आता ही पुस्तकं परदेशातल्या मराठी घरांत आहेत, इथल्या घरशाळांतही पीडीएफच्या रूपाने पोचली आहेत.

अडचण अशी की लिहिणाऱ्याने डोळ्यांसमोर अमेरिकी स्वयंपाकघर आणि इंग्रजीत विचार करणारं मूल धरलेलं असतं. आपल्याकडे दोन्ही वेगळं. त्यामुळे काही पानं आपल्याकडे चालतच नाहीत. काही पानं आपल्या मुलाला लागतच नाहीत, कारण ती गोष्ट त्याला मराठीमुळे आधीच येत असते. विकत घेण्याआधी या दोन्ही बाजू तपासायच्या. खालचं सगळं ७ ते ११ वयाच्या मुलांसाठी आहे.

रसायन: संच नको, तराजू घ्या

चकचकीत खोक्यातल्या केमिस्ट्री किटवर पैसे घालू नका. आतल्या दहा पुड्यांपैकी सहा-सात स्वयंपाकघरात असतात आणि उरलेल्या मुलाच्या हाती देण्यासारख्या नसतात. घ्यायच्या वस्तू वेगळ्या: बाजूनेही बंद असलेला डोळ्यांचा चष्मा (मुलाच्या मापाचा, मोठ्यांचा घसरतो), ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल तराजू, १०० मिलीचं मोजपात्र, सुई नसलेल्या १० मिलीच्या सिरिंजा आणि ११० अंशांपर्यंतचा, पारा नसलेला तापमापक. स्वयंपाकघरातला १ ग्रॅमचा तराजू पुरत नाही. का ते पुढे येईलच.

पुस्तक चाळताना पहिली गोष्ट बघा: प्रत्येक प्रयोगात प्रमाण दिलंय का? ‘थोडा सोडा, थोडं व्हिनेगर’ असं लिहिणारं पुस्तक बाजूला ठेवा. फेस दाखवणं आणि रसायन शिकवणं यांतला फरक तिथेच कळतो. ५ ग्रॅम खायच्या सोड्याला ४ टक्क्यांचं व्हिनेगर सुमारे ९० मिली लागतं, तेव्हा दोन्ही पुरते संपतात. ज्वालामुखीच्या नेहमीच्या प्रयोगात चार चमचे सोड्यावर अर्धी वाटी व्हिनेगर ओततात, फेस येतो, आणि सोडा तळाशी तसाच पडून राहतो. मुलाने ‘अजून ओतलं तर अजून येईल का?’ असं विचारलं तर तोच खरा धडा. वेगवेगळी प्रमाणं घेऊन फेस कुठे थांबतो ते त्याला शोधू द्या.

अमेरिकी पुस्तकांतली प्रमाणं बहुधा ५ टक्क्यांच्या व्हिनेगरची असतात. आपल्या दुकानातलं सिंथेटिक व्हिनेगर बहुतेक वेळा ४ टक्क्यांचं असतं, म्हणून सव्वापट घ्यायचं. त्यांचा ‘कप’ म्हणजे सुमारे २४० मिली, आपला चहाचा कप त्याहून बराच लहान. खायचा सोडा, बेकिंग पावडर आणि धुण्याचा सोडा या तीन वेगळ्या वस्तू आहेत. बेकिंग पावडरमध्ये कोरडं आम्ल आधीच मिसळलेलं असतं, त्यामुळे ती नुसत्या पाण्यातही फसफसते आणि मुलाचा निष्कर्ष चुकतो.

‘वस्तुमान नाहीसं होत नाही’ हे दाखवायला बहुतेक पुस्तकं बाटलीच्या तोंडावर फुगा लावतात. बाटलीत ४५ मिली व्हिनेगर, फुग्यात २.५ ग्रॅम सोडा, फुगा उलटा केला की सुमारे पाऊण लिटर वायू. मग तराजूवर ठेवा आणि ‘वजन तेवढंच आहे’ म्हणा, असं पुस्तक सांगतं. ०.१ ग्रॅमचा तराजू असेल तर वजन तेवढं भरत नाही, ०.८ ग्रॅमच्या आसपास कमी दिसतं. फुगलेला फुगा जेवढी हवा बाजूला सारतो, तेवढ्या हवेच्या वजनाइतका तो वर उचलला जातो, आणि पाऊण लिटर हवेचं वजन साधारण तेवढंच असतं. आठ वर्षांच्या मुलाला हे समजावत बसण्यापेक्षा प्रयोगच बदलावा. कोल्ड्रिंकची जाड प्लास्टिकची अर्ध्या लिटरची बाटली घ्या (काचेची कधीही नाही, पाण्याची पातळ बाटलीही नाही). तीत २० मिली व्हिनेगर घाला. १ ग्रॅम सोडा टिश्यू पेपरच्या पुडीत बांधा. बाटली, झाकण, पुडी एकत्र वजन करा. पुडी आत टाकून झाकण लगेच घट्ट लावा, फेस थांबला की पुन्हा वजन करा: तेच भरेल. झाकण हळूच उघडा, फुस्स आवाज येईल, आणि वजन ०.४ ग्रॅमने घटेल. १ ग्रॅमच्या तराजूवर हे दिसलंच नसतं. हिशेबाने अर्धा ग्रॅम वायू तयार होतो, पण थोडा बाटलीत आणि द्रवात राहतो. सोड्याचं प्रमाण हौसेने वाढवू नका, आणि उघडण्याचं काम मोठ्यांनी करा.

दुसरं हमखास फसणारं पान नाण्याचं. ‘मळलेली पेनी मीठ-व्हिनेगरमध्ये टाका, चकाकेल.’ अमेरिकेचं एक सेंटचं नाणं १९८२पर्यंत बहुतांशी तांब्याचं होतं, त्यानंतरचं जस्ताचं असून वर तांब्याचा मुलामा असतो. आपलं हल्लीचं एक-दोन रुपयांचं नाणं स्टेनलेस स्टीलचं, त्याला मीठ-व्हिनेगरने काही होत नाही. त्याऐवजी घरगुती वायरिंगची तांब्याची तार घ्या, वरचं प्लास्टिक सोला, मोठ्यांनी गॅसवर काळी होईपर्यंत तापवा. गार झाल्यावर १०० मिली व्हिनेगर आणि चमचाभर मिठात टाका. काळा थर, म्हणजे कॉपर ऑक्साइड, विरघळून तार लालसर होते. चिंचेने तांब्या घासण्यामागे हेच रसायन आहे, आणि आजीला ते पुस्तकाआधी ठाऊक असतं. मोटर वाइंडिंगची तार मात्र नको. ती उघडी दिसली तरी तिच्यावर इनॅमलचा थर असतो, मग ‘काहीच होत नाही’ म्हणून मूल हिरमुसतं. तोच द्रव तारेसकट उघडा ठेवला तर एक-दोन दिवसांत हिरवट-निळा होतो. त्यात पॉलिश पेपरने घासलेला साधा लोखंडी खिळा टाकला की त्यावर तांब्याचा थर चढतो. गॅल्व्हनाइज्ड खिळा घेतला तर काळपट, भुसभुशीत थर येतो, कारण वरचं जस्त फार वेगाने अदलाबदल करतं. हा द्रव चाखायचा नाही, हात धुवायचे. पुस्तकात यासाठी थेट मोरचूद (कॉपर सल्फेट) वापरायला सांगितलं असेल तर ते पान या वयात गाळा. कृषी केंद्रात सहज मिळतं म्हणून ते निरुपद्रवी होत नाही.

दर्शकांच्या, म्हणजे आम्ल की आम्लारी (आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ) हे रंग बदलून दाखवणाऱ्या पदार्थांच्या, बाबतीत आपण श्रीमंत आहोत. परदेशी पुस्तक लाल कोबीवर थांबतं. आपल्या कुंपणावर गोकर्ण असते. दहा निळ्या फुलांच्या पाकळ्या १०० मिली गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवल्या की गडद निळा द्रव मिळतो. लिंबू पिळलं की जांभळा-गुलाबी, खायचा सोडा घातला की हिरवट निळा, चुन्याची निवळी घातली की हिरवा, आणि थोड्या वेळाने पिवळट. हळदीचं मात्र नीट सांगायला हवं. ती पाण्यात धड विरघळत नाही, म्हणून एक चमचा हळद ३० मिली पातळ सॅनिटायझरमध्ये (जेल नको) ढवळून गाळा, आणि हे सगळं गॅसपासून दूर. हळद फक्त आम्लारीत लाल होते. लिंबू घातलं तरी ती पिवळीच राहते, आणि ‘प्रयोग बिघडला’ असं मुलाला वाटतं. हळदीचा डाग साबणाने लाल होऊन खळबळल्यावर पुन्हा पिवळा का होतो, पारंपरिक कुंकू हळद आणि चुन्यापासून कसं बनतं, हे इथेच सांगून टाकावं. पट्ट्या करायच्या तर कॉफी फिल्टर किंवा गाळणकागद घ्या. छपाईच्या कागदात बहुधा कॅल्शियम कार्बोनेट भरलेलं असतं, त्यावर गोकर्णाची पट्टी लिंबू लावण्याआधीच हिरवट पडते.

चुन्याच्या निवळीसाठी एक चमचा पानाचा चुना एक लिटर पाण्यात हलवून रात्रभर ठेवा आणि वरचं स्वच्छ पाणी अलगद ओतून घ्या. भरलेली बाटली घट्ट बंद करा, नाहीतर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने वर साय धरते. स्ट्रॉने फुंकर घातली की दुधाळ होतं, निवळी आधी भरपूर पाण्याने पातळ केली असेल तर फुंकत राहिल्यावर पुन्हा निवळतं. हा दुसरा भाग पुस्तकं गाळतात, आणि तोच मजेचा आहे. चष्मा घातल्याशिवाय मात्र नाही, चुना डोळ्याला फार वाईट. लहान मूल ओढून घेईल म्हणून स्ट्रॉला मधे टाचणीने एक भोक पाडा.

बोरॅक्सचे ‘बर्फाचे स्फटिक’ हे आणखी एक लोकप्रिय पान. बोरॅक्स म्हणजे टाकणखार. तो लहान मुलांच्या हातात देण्याऐवजी तुरटी वापरा. १५० मिली गरम पाण्यात ४० ग्रॅम कुटलेली तुरटी विरघळवा, गाळा, झाका. दुसऱ्या दिवशी तळाशी आलेल्या खड्यांतला एक सुबक खडा निवडा, नायलॉनच्या दोऱ्याला बांधा आणि वरून काढून घेतलेल्या स्वच्छ द्रावणात लोंबता सोडा. सुती दोरा नको, त्याच्या तंतूंवर शेकडो बारीक खडे धरतात. तुरटी दाढीच्या दुकानातली घ्या. पाणी शुद्ध करायला मिळते ती पुष्कळदा वेगळी असते, तिचे अष्टफलकी स्फटिक होत नाहीत. भांडं खिडकीत ठेवू नका. दुपारी द्रावण तापतं आणि टांगलेला खडाच विरघळतो. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात बाष्पीभवन इतकं मंद होतं की मूल कंटाळतं. हा प्रयोग नोव्हेंबर-डिसेंबरसाठी राखून ठेवा.

या वयात इलेक्ट्रॉनच्या कक्षा आणि समीकरणांचा तोल शिकवणारं पुस्तक घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. मिश्रण कसं वेगळं करायचं, वायूलाही वजन असतं, आम्ल-आम्लारी आणि शेवटी मूलद्रव्यांची नावं, एवढ्यात दोन वर्षं आरामात जातात. रेणूंच्या प्रतिकृतींना कणीक आणि काड्या पुरतात. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची प्राथमिक इयत्तांसाठीची ‘स्मॉल सायन्स’ मालिका आणि अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावरचं फुकट साहित्य आधी पाहा. बालभारतीची विज्ञानाची पुस्तकंही पीडीएफमध्ये मिळतात, ती पारिभाषिक शब्दांसाठी जवळ ठेवाच. कारण हिंदी पुस्तकं आणि व्हिडिओ मिसळले की घोळ होतो. मराठीत अणू म्हणजे मूलद्रव्याचा सर्वांत लहान कण आणि अणू जोडून रेणू. हिंदीत पहिल्याला परमाणु म्हणतात आणि अणु म्हणजे आपला रेणू. क्षार हा शब्दही तसाच. मराठीत तो मिठासारख्या पदार्थांसाठी, हिंदीत आम्लारीच्या बाजूचा. दहा वर्षांचं मूल या दोन शब्दांवर महिनाभर अडकू शकतं आणि दोष विषयाला देतं.

लॅटिन: आपल्या मुलाला अर्धी आधीच येते

आधी एक अप्रिय गोष्ट. महाराष्ट्रात राहणार असाल, घरात किंवा शेजारी संस्कृत शिकवणारं कुणी असेल आणि एकाच प्राचीन भाषेला वेळ असेल, तर संस्कृत घ्या. लॅटिन घ्यायची ती मुलाला जीवशास्त्र-वैद्यकातली नावं, युरोपचा इतिहास किंवा फ्रेंच-पोर्तुगीजकडे ओढ असेल तर, किंवा परदेशात राहत असाल तर. हे ठरलं की मग पुस्तकाकडे वळा.

इंग्रजी बोलणाऱ्या मुलांसाठी लिहिलेली लॅटिनची पहिली पन्नास पानं दोन गोष्टींवर खर्च होतात: शब्दांचा क्रम बदलला तरी अर्थ तोच राहतो, आणि नामाला लिंग असतं. मराठी मुलाला ही पानं नकोत. ‘पुएल्ला आक्वाम पोर्तात’, मुलगी पाणी नेते. ‘आक्वाम पुएल्ला पोर्तात’, पाणी मुलगी नेते. क्रियापद शेवटी, आपल्यासारखंच. लिंगं तीन, आपल्यासारखीच, हिंदीपेक्षा एक जास्त. विभक्ती सहा, आणि त्यांना प्रथमा, द्वितीया, चतुर्थी, षष्ठी, संबोधन अशी आपली नावं सरळ देता येतात. सहावी, अ‍ॅब्लेटिव्ह, तेवढी आपल्या तृतीया-पंचमी-सप्तमीचं काम एकटी करते, बऱ्याचदा एखादं शब्दयोगी अव्यय पुढे घेऊन.

एक जागा तर अशी आहे की इंग्रजी मूल अडखळतं आणि मराठी मूल हसतं. ‘मला दोन भाऊ आहेत’ हे लॅटिनमध्ये ‘मिही दुओ फ्रात्रेस सुन्त’. ‘मिही’ म्हणजे ‘मला’, चतुर्थी. इंग्रजी पुस्तक याला खास प्रयोग म्हणून वर्षभराने शिकवतं, आपण पहिल्या महिन्यात शिकवू शकतो.

पण मराठीमुळे दोन सापळेही लागतात आणि ते कुठल्याच आयात पुस्तकात नसतात. पहिला: आपण निर्जीव कर्माला प्रत्यय लावत नाही. ‘पाणी नेते’ म्हणतो, ‘पाण्याला नेते’ नाही. म्हणून मूल ‘आक्वा पोर्तात’ लिहितं, ‘म्’ विसरतं. ‘लॅटिनमध्ये दगडालाही द्वितीया लागते’ हे वाक्य वहीच्या मुखपृष्ठावर लिहून ठेवा. दुसरा सापळा भूतकाळाचा. ‘मुलीने पाणी नेलं’ यात आपला कर्ता तृतीयेत जातो आणि क्रियापद पाण्यामागे धावतं. लॅटिनमध्ये ‘पुएल्ला आक्वाम पोर्तावित’, कर्ता प्रथमेतच. मराठीतून भाषांतर करणारं मूल इथे ‘मुलीने’साठी हमखास तृतीयेसारखं रूप शोधतं. भूतकाळ सुरू करायच्या आठवड्यात नवे शब्द बंद ठेवा आणि फक्त या एका गोष्टीची वीस-पंचवीस वाक्यं करून घ्या.

पुस्तक निवडताना तीन गोष्टी ठरवून घ्या. उच्चार कोणता? अभिजात उच्चारात ‘सी’ या अक्षराचा नेहमी क, म्हणून किकेरो. चर्चच्या उच्चारात इ-ए पुढे च, म्हणून चिचेरो. गोवा-वसईच्या ख्रिस्ती घरांत जुन्या पिढीच्या कानांवर पडलेली लॅटिन या दुसऱ्या धाटणीची. तिथे आजोबांना पाठ असलेल्या प्रार्थनांचा उपयोग होणार असेल तर तीच घ्या. कुठलीही चालेल, पण ध्वनिफिती आणि पुस्तक एकाच धाटणीचे हवेत. दुसरी गोष्ट, विभक्तींचा क्रम. अमेरिकी तक्ते प्रथमेनंतर षष्ठी घेतात, ब्रिटिश परंपरेत प्रथमा, संबोधन, द्वितीया, मग षष्ठी, चतुर्थी असा क्रम असतो. मूल पुढे संस्कृत शिकणार असेल तर ब्रिटिश क्रम जवळचा. वर्षाच्या मध्यात पुस्तक बदललं आणि क्रम उलटला तर पाठ केलेला तक्ता कोसळतो, हे सर्वांत जास्त वेळा होणारं नुकसान आहे. तिसरं, दीर्घ स्वरांवर आडवी रेघ छापली आहे का? ‘पुएल्ला’ प्रथमेत ऱ्हस्व आणि अ‍ॅब्लेटिव्हमध्ये दीर्घ संपतो. देवनागरीत उतरवून घेताना दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून दीर्घ असेल तिथे अक्षरावर लाल रेघ मारायला लावा. आणि ‘ट’ नको, ‘त’. इंग्रजी वाचायच्या सवयीने मुलं ‘पोर्टाट’ म्हणतात, खरं तर आपला दंत्य ‘त’ लॅटिनच्या जास्त जवळचा आहे.

लहानांसाठी केंब्रिजचं ‘मिनिमस’ हे उंदराचं चित्रमय पुस्तक चांगलं. त्यातलं कुटुंब ब्रिटनच्या उत्तरेकडच्या विंदोलांदा या रोमन छावणीत खरोखर राहत होतं, आणि तिथे लाकडी पट्टीवर शाईने लिहिलेलं वाढदिवसाचं खरं आमंत्रण सापडलेलं आहे, सन १००च्या सुमाराचं. मात्र नुसत्या ‘मिनिमस’ने तक्ते पक्के होत नाहीत, ते वेगळे करून घ्यावे लागतात. रोज १५ मिनिटं, आठवड्याला चार दिवस, नवे शब्द आठवड्याला दहाच्या वर नकोत. चिठ्ठीवर शिकलेला शब्द तिसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी परत समोर यायला हवा.

घरात लॅटिन कुठे दिसते, असा प्रश्न येतोच. मंडईत. केशर म्हणजे क्रोकुस सातिवुस, भात म्हणजे ओरिझा सातिवा, लसूण म्हणजे अल्लिउम सातिवुम. सातिवुस, सातिवा, सातिवुम: पेरलेला, पेरलेली, पेरलेलं. चांगला, चांगली, चांगलं म्हणणाऱ्या मुलाला एवढ्यावर तीनही लिंगं कळतात. मग मुद्दाम पिंपळ दाखवा: फिकुस रेलिगिओसा. शेवट ‘उस’ आणि विशेषण स्त्रीलिंगी, कारण लॅटिनमध्ये झाडांची नावं बहुधा स्त्रीलिंगी. मुंबईला लावलं जाणारं बिरुद ‘उर्ब्स प्रिमा इन इन्दिस’ही सोडवून घ्या: शहर, पहिलं, भारतात. ‘इन’नंतरचं ‘इन्दिस’ हे अनेकवचनी अ‍ॅब्लेटिव्ह. रसायनाची वही इथेच जोडता येते. लोखंडाची संज्ञा एफ-ई का? फेर्रुम. चांदी ए-जी, आर्गेन्तुम. सोनं ए-यू, आउरुम. शिसं पी-बी, प्लुम्बुम, आणि नळ जोडणारा प्लंबर त्यातलाच. दहाएक संज्ञा अशा पाठ झाल्या की आवर्तसारणीचा धाक निम्मा होतो.

तर्क: आधी ‘सगळे’ आणि ‘काही’

शिष्यवृत्ती परीक्षेच्या बुद्धिमत्ता चाचणीची पुस्तकं स्वस्त आणि मराठीत आहेत, वर्गीकरण आणि क्रम ओळखण्यासाठी उपयोगीही. पण ती वेग आणि पर्याय खोडणं शिकवतात, विधानातून विधान कसं निघतं ते नाही. सुडोकू आणि बुद्धिबळाचंही तसंच. तर्कदोषांची नावं शिकवणारी पुस्तकं अकरा-बारापर्यंत आणूच नका. नऊ वर्षांच्या हातात ती शस्त्रं पडली की पहिला बळी आजी असते.

सुरुवात भाषेतून करा. ‘सगळे लाडू गोड नाहीत’ या वाक्याचे मराठीत दोन अर्थ होतात: एकही गोड नाही, किंवा काही गोड आहेत, काही नाहीत. तर्काच्या वहीत हे वाक्य बंद. त्याऐवजी ‘एकही लाडू गोड नाही’ आणि ‘सगळेच लाडू गोड आहेत असं नाही’. उलट एका ठिकाणी मराठी इंग्रजीपेक्षा स्वच्छ आहे. ‘चहा की कॉफी?’ मध्ये एकच निवडायचं असतं, ‘चहा किंवा कॉफी घेणाऱ्यांनी हात वर करा’ मध्ये दोन्ही घेणाराही हात वर करतो. इंग्रजी पुस्तकात यावर अख्खा धडा असतो, इथे ‘की’ आणि ‘किंवा’ने काम होतं. मग ‘जर-तर’: पाऊस पडला तर अंगण ओलं होतं. अंगण ओलं आहे, म्हणून पाऊस पडला? नळीने पाणी मारलं असेल. न्यायशास्त्रातला, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कपरंपरेतला, धूर-अग्नीचा दाखलाही हेच सांगतो. धूर दिसला तर आग आहे, स्वयंपाकघरात असते तशी. पण आग आहे म्हणून धूर असेलच असं नाही, तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. प्रतिज्ञा (सिद्ध करायचं विधान), हेतू (कारण), उदाहरण, उपनय (उदाहरण इथे लागू करणं), निगमन (निष्कर्ष) ही पाच पायऱ्यांची मांडणी दहा वर्षांच्या मुलाला सहज जमते, आणि ‘उदाहरण’ सक्तीचं असल्यामुळे हवेतले निष्कर्ष कमी होतात.

साधन म्हणून सर्वांत उत्तम आणि फुकट गोष्ट म्हणजे ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’ लिहिणाऱ्या लुईस कॅरलचा पाटावरचा तर्काचा खेळ. प्रताधिकार संपलेला असल्याने तो मोकळा मिळतो. त्याने चार लाल आणि पाच राखाडी सोंगट्या वापरल्या, आपण कॅरमच्या घेऊ: पांढरी म्हणजे ‘इथे काहीतरी आहे’, काळी म्हणजे ‘हे घर रिकामं’. पुठ्ठ्यावर मोठा चौकोन काढून चार भाग करा. वरचा अर्धा ताजे लाडू, खालचा शिळे. डावा अर्धा डब्यातले, उजवा डब्याबाहेरचे. मध्यभागी आणखी एक चौकोन: त्याच्या आत गोड, बाहेर अगोड. आठ घरं झाली.

विधानं घ्या: सगळे ताजे लाडू गोड आहेत, डब्यातला एकही लाडू गोड नाही. आधी ‘एकही नाही’वालं विधान मांडा: आतल्या चौकोनाच्या डाव्या दोन्ही घरांत काळ्या. मग ‘सगळे ताजे गोड’: वरच्या अर्ध्यातल्या बाहेरच्या दोन्ही घरांत काळ्या. ताजे लाडू आहेत तर ते आतल्या वरच्या दोन घरांपैकी एकात हवेत. डावं बंद आहे, म्हणून पांढरी उजव्या घरात. आता वरचा डावा कोपरा पाहा: आत काळी, बाहेर काळी. डब्यातला एकही लाडू ताजा नाही. खालच्या डाव्या कोपऱ्याबद्दल काहीच सांगता येत नाही, कारण तिथे एकच घर बंद आहे. मुलं इथे घाईने ‘डब्यात शिळे लाडू आहेत’ म्हणतात. डबा रिकामाही असू शकतो.

पांढरी सोंगटी आधी मांडली तर कोणतं घर ते ठरत नाही, ती रेघेवर ठेवावी लागते आणि नंतर सरकवायला मुलं विसरतात. म्हणून काळ्या नेहमी आधी. आणि एक फरक लक्षात असू द्या. कॅरलच्या खेळात ‘सगळे ताजे लाडू गोड’ म्हटलं की निदान एक ताजा लाडू आहे असं धरलं जातं, म्हणून ती पांढरी सोंगटी. आजच्या तर्कशास्त्राच्या पुस्तकांत तसं धरत नाहीत, तिथे याच विधानाला फक्त काळ्या लागतात. दोन्ही पुस्तकं एकत्र वापरत असाल तर पुठ्ठ्याच्या मागे कोणता नियम चालू आहे ते लिहून ठेवा.